मागे बसणारीला आधी कळतं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही दोघी जावा, आणि आज बोलणार आहोत तेही जावाबद्दलच. मात्र ही जावा म्हणजे मोटरसायकल. हा विनोद आमच्या घरात पंधरा वर्षं चालू आहे, म्हणून तो आधीच उरकून घेतला.

गेल्या वेळी आपण गॅसच्या शेगडीबद्दल बोललो. त्यानंतर एका ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे जुनी गाडी आहे. मागे बसले की वळणावर गाडीचं शेपूट हलल्यासारखं वाटतं. हे म्हणतात, गाडी नाही, तूच हलतेस. खरं काय समजायचं?" प्रश्न ऐकून आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हेच वाक्य आमच्या घरात सात-आठ महिने ऐकू येत होतं, आणि ते शेवटी सासूबाईंच्या मनगटावर निभावलं.

गाडी आमच्या सासऱ्यांची, आबांची. त्यांनी ती १९७४ साली घेतली, तीही सेकंडहँड. ही गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९२९ साली यानेचेक नावाच्या कारखानदाराने जर्मनीच्या वाँडरर कंपनीचं मोटरसायकलचं काम घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' हे नाव केलं. आपल्याकडे ती १९६१पासून म्हैसूरच्या कारखान्यात बनू लागली, पुढे 'येझदी' नावानं निघाली, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी जुनी जावा-येझदी कुणी ना कुणी हातानं जगवलेली असते. किक मारायचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच, हे बघून आजची मुलं हसतात.

आबा गेल्यावर गाडी थोरलीचे मालक चालवू लागले. शेतावर जाणं, वाईचा बाजार, कुणाला एसटीवर सोडणं. थोरली मागे बसायची. एक दिवस ती म्हणाली, "वळणावर मागून कुणीतरी ढकलल्यासारखं होतंय." उत्तर आलं, "पदर सावर आणि नीट बस." मग धाकटीलाही तेच जाणवलं. तिलाही तेच उत्तर. शेवटी एका गॅरेजात दाखवली. त्यांनी मागचा टायर बदलला. फरक पडला नाही. मग दोन्ही शॉकअप बदलले. पैसे गेले, शेपूट हलायचं ते हलतच राहिलं.

पाऊस नुकताच सुरू झाला होता. सासूबाई मागे होत्या. उतारावरचं डावं वळण, त्यात खड्डा बुजवून केलेला उंचवटा. मालकांनी रेस सोडली आणि त्याच क्षणी मागचं चाक बाजूला सरकलं. गाडी कडेच्या खडीत उतरली आणि हळूच आडवी झाली. वेग फार नव्हता म्हणून निभावलं. पण सासूबाईंनी हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. घरी आणल्यावर त्या खाटेवर बसून एवढंच म्हणाल्या, "मी हलले नव्हते गं."

त्यानंतर मालक काही दिवस गाडीला हातच लावेनात. ती ओसरीत उभी. आमच्या मनात आलं की हे नक्की काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघू. आबांची हत्यारांची पेटी घरात होतीच. आबांचे एक जुने मित्र आहेत, मिस्त्रीकाका. आता हात थरथरतात म्हणून काम सोडलंय. ते म्हणाले, "मी स्टुलावर बसतो, तुम्ही पाने फिरवा." तसं हे काम झालं.

आता दुखणं कुठं असतं ते सांगतो. मोटरसायकलचं मागचं चाक दोन लोखंडी हातांच्या बेचक्यात बसवलेलं असतं. पुस्तकात त्याला स्विंग आर्म म्हणतात. कारागीर म्हणतात 'चिमटा', आणि दिसतोही तो आपल्या स्वयंपाकघरातल्या चिमट्यासारखाच. या चिमट्याचं पुढचं टोक इंजिनाच्या मागे सांगाड्याला, म्हणजे फ्रेमला, जोडलेलं असतं. खड्डा आला की चाक वर जातं, चिमटा त्या जोडावर फिरतो, शॉकअप धक्का गिळतो. दाराला बिजागरी असते ना, तसा हा जोड. दार डावी-उजवीकडे फिरतं, चिमटा वर-खाली. पण दार जसं बिजागरीतून वर-खाली लटपटायला नको, तसाच चिमटा डावी-उजवीकडे लटपटायला नको.

या बिजागरीतून एक जाड पोलादी पिन आरपार जाते. पिन आणि चिमटा यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना धातूची एकेक नळी बसवलेली असते. तोच बुश. जुन्या गाड्यांत तो बहुधा गनमेटलचा. १०० भागांत ८८ तांबं, १० कथील आणि २ जस्त, हे गनमेटलचं नावाजलेलं प्रमाण. उन्हाळ्यात तळपाय घासायला आपण काशाची वाटी घेतो, तीही तांबं आणि कथिलाचीच. म्हणजे बुश हा त्या वाटीचा चुलतभाऊ. हा धातू पोलादापेक्षा मऊ असतो, आणि तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. दोन धातू एकमेकांवर घासले की एक झिजणारच. तेव्हा झिजायचं ते स्वस्तातल्या बुशनं, महागाच्या पिननं किंवा चिमट्यानं नव्हे. बैलगाडीच्या तुंब्यात लोखंडी नळी बसवायचे, तेही चाकाचं लाकूड वाचावं म्हणूनच. आणि वंगण दिलं नाही तर काय व्हायचं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

बुश झिजला की जोडात ढिलाई येते. गॅरेजात याला 'प्ले' म्हणतात. केंद्रावर माइकजवळ धरून आम्ही आमचा जुना बुश पिनवर हलवून ऐकवला होता. छापताना 'खुळखुळ' एवढंच लिहिता येतं. ढिलाई दिसायला अगदी थोडी असते, मग एवढा परिणाम का? तर दोन बुशांमधलं अंतर असतं वीतभर आणि चिमट्याची लांबी हातभर. दोन विती म्हणजे एक हात, हे आपल्याला ठाऊकच आहे. बिजागरीत अर्धा मिलिमीटर ढिलाई असली तर चाकाच्या आसाशी ती निदान दुप्पट होते. केरसुणी मुठीशी जरा हलवली तरी टोकाला केवढी फिरते, तसंच. शिवाय चाक तिरकंही होतं, ते वेगळंच. पुढचं चाक जातं एका रेषेत आणि मागचं आपल्या मनानं. रेस दिली की साखळी चिमट्याला एका बाजूनं ओढते, रेस सोडली की तो परत येतो. म्हणूनच आमची गाडी रेस सोडताना सरकली.

आता ताईंचा प्रश्न. मागे बसणारी बाई चाकाच्या जवळजवळ वरच बसलेली असते. त्यात आपण एका बाजूला पाय सोडून बसलो तर सगळा भार एका अंगावर. चाक जरा सरकलं तरी थेट कमरेला कळतं. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं. गाडी जराशी वाकडी गेली की त्याचे हात नकळत ती सरळ करतात. रोज थोडं थोडं वाढत गेलेलं दुखणं त्याच्या अंगवळणी पडतं. तो खोटं बोलत नाही, त्याला खरोखर जाणवत नाही. म्हणून तुम्हाला जाणवलं असेल तर ते धरून ठेवा, आणि सोबत चाचणीही करा. मग वाद घालायची गरज उरत नाही.

चाचणीला एकही हत्यार लागत नाही. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी करा. मागचं चाक जमिनीपासून सुटलेलं हवं. एकीनं पुढून गाडी घट्ट धरायची. दुसरीनं मागे बसून चिमट्याची टोकं, म्हणजे चाकाच्या आसाजवळचे दोन्ही हात, पकडायचे आणि डावी-उजवीकडे ढकलून बघायचे. चाक धरू नका, चिमटाच धरा. तिसरं कुणी असेल तर त्यानं जिथं चिमटा फ्रेमला मिळतो त्या फटीवर बोट ठेवायचं. बोटाला हालचाल लागली किंवा 'टक' असा आवाज आला, तर बुश गेला. चांगल्या गाडीत तिथं हाताला काहीच लागत नाही. चिमटा गप्प आहे पण चाक हलतंय, असं असेल तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. आमच्याकडे चिमटा इतका हलला की मालक म्हणाले, "थांबा, पुन्हा हलवा." तीनदा हलवायला लावलं. मग आत गेले आणि आईंच्या खाटेजवळ बराच वेळ बसले.

त्याच बैठकीत शॉकअपची टोकंही बघून घ्या. वर आणि खाली बोल्ट जातो त्या भोकात रबराचे बुश असतात. रबर चिरलेलं, चपटं झालेलं, मधली नळी एका बाजूला गेलेली दिसली तर तेही बदलायचे. हे काम सोपं आहे. नवं रबर घालताना साबणाचं पाणी लावा, बांगड्या भरताना हाताला लावतो तसं. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यानं रबर फुगतं. आणि बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी दोन्ही चाकांवर उभी असताना, सीटवर कुणाला तरी बसवून. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चिमट्याचं काम मात्र दमाचं. इंजिनाखाली लाकडी ठोकळा लावून गाडी पक्की उभी केली. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढला. नटबोल्ट निघतील तसे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले आणि वाटीखाली चिठ्ठी. जावाचं मागचं चाक साखळीला हात न लावता निघतं, ही तिची मोठी सोय. पण चिमटा काढायचा तर साखळी, तिचा पत्र्याचा बंद डबा, ब्रेकचा दांडा, शॉकअप, सगळं सोडवावं लागतं. तेवढं दुपारपर्यंत झालं.

मग पिन. पिन निघेना. वर्षानुवर्षं ग्रीस गेलं नव्हतं, आत गंज धरून ती एकजीव झालेली. आम्ही डिझेल सोडून रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तीच गत. धाकटी हातोडी घेऊन सरळ पिनवरच मारणार, तेवढ्यात काका ओरडले. पोलादावर थेट मारलं की पिनचं टोक फुलतं, आणि फुललेलं टोक भोकातून कधीच बाहेर येत नाही. मध्ये पितळेचा गज धरायचा आणि त्यावर मारायचं. आणखी एक सांगतो: कुणी म्हणेल, जोड तापवा म्हणजे सुटेल. सुटतो खरा, पण आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवल्याशिवाय ज्योत जवळ आणू नका. आम्ही ज्योत वापरलीच नाही. उकळत्या पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळली, पुन्हा डिझेल, पुन्हा गज. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बोटभर सरकली. शेजारच्यांना वाटलं घरात भांडण झालं, एवढा आम्ही ओरडा केला.

पुढची चूक आमचीच, आणि ती सगळ्यांत महागात पडली. तालुक्याला तयार बुश मिळाले. जुने बुश आम्ही बाकावरच्या शेगड्यात धरून बाहेर काढले: एका बाजूला बुशपेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठं, आणि शेगडा आवळत न्यायचा. नवे बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले, मटारच्या पिशवीशेजारी. थंडीनं धातू किंचित आक्रसतो, तेवढाच बसवायला हलका जातो. सरळ बसले. आनंदानं पिन घातली, हलवून बघितलं, आणि पुन्हा तीच खुळखुळ. जराशी कमी, एवढंच.

काकांनी पिन मागितली. डोळे मिटले आणि पिनवरून अंगठ्याचं नख फिरवलं. "इथं पायरी आहे," म्हणाले. आम्ही नख फिरवलं. खरंच, बुश बसायचा त्या जागी पिन खाली गेली होती आणि कडेला नखाला अडकेल असा काठ तयार झाला होता. झिजायला हवा होता बुश. पण वंगण नसलं, आत धूळ-माती गेली की मऊ धातूत कचकच रुतून बसते आणि तीच मग पिनला कानशीसारखी घासते. जुन्या पिनवर नवा बुश म्हणजे खुंटा झिजलेल्या जात्याला नुसता वरचा दगड नवा करण्यासारखं.

दुसरी गोष्ट काकांनी बुशचा रंग बघून सांगितली. आणलेला बुश पिवळाधमक होता. तो साधा पितळेचा. गनमेटल जरा तांबूस असतं. कारखाना बंद झालेल्या गाडीचे भाग छोट्या छोट्या वर्कशॉपांत बनतात. काही उत्तम असतात, काही नुसते चकचकीत. दुकानात जुना बुश शेजारी धरून रंग बघा, आणि माप कधी तोंडी सांगू नका, जुनी पिन पिशवीत घालून न्या.

मग आम्ही चिमटा, पिन, सगळं गोणपाटात बांधून कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं. तिथं ओतकाम आणि लेथची कामं पिढ्यान् पिढ्या चालत आलीयत. लेथवाल्या दादांनी मायक्रोमीटर लावला. पिन एका बाजूनं ०.३ मिलिमीटर झिजलेली. त्यांनी नवी पिन केली, वरून कडक करून दिली, आणि गनमेटलचे बुश कातून बसवले. बसवताना बुश दाबला जातो, त्यामुळे आतलं भोक किंचित लहान होतं. म्हणून बसवल्यावर दोन्ही बुशांतून एकाच रेषेत रीमर फिरवून भोक पिनच्या मापाचं करावं लागतं. हे घरी करायच्या भानगडीत पडू नका. ग्रीस आत जायचं भोक बुशलाही असतं. ते चिमट्यावरच्या निपलच्या भोकासमोर आलंय ना, एवढं मात्र आपल्या डोळ्यांनी बघा. ते चुकलं तर वरून कितीही ग्रीस भरा, पिन कोरडीच.

दादांनी तेल लावलेली पिन धाकटीच्या हातात दिली. अंगठ्यानं दाबल्यावर ती एकसारखी आत सरकली, सोडली की जागच्या जागी थांबली. ना खुळखुळ, ना अडखळ. मधली फट केसाच्या जाडीहूनही कमी. बरोबर माप हाताला कसं लागतं ते आम्हाला तेव्हा कळलं. सगळा खर्च मिळून गॅरेजात टायर-शॉकअपवर गेले त्याच्या निम्माही झाला नाही.

जोडणी वाट्यांच्या आणि फोटोंच्या आधारानं झाली. वायसर होते त्याच जागी, नव्या पिनला भरपूर ग्रीस, खिळपिना नव्या. शेवटी दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघायला गवंड्याची दोरी घेतली. आमच्या गाडीचे दोन्ही टायर एकाच रुंदीचे, म्हणून मागच्या टायरला लावून ताणलेली दोरी पुढच्या टायरलाही पुढे-मागे दोन्ही ठिकाणी टेकायला हवी. पहिल्यांदा टेकली नाही. चाकाचा आस थोडा मागे-पुढे करून, साखळीचा ताण सांभाळून, तिसऱ्या वेळी टेकली.

तुमच्याकडे जावा नसली तरी चाचणी तीच. आजच्या मोटरसायकलींतही त्या जोडात काही ना काही असतंच, कुठं रबराचे बुश, कुठं बेअरिंग. स्वतः करायचं नसेल तर गॅरेजात फक्त एवढं विचारा, "चिमट्याचा प्ले बघितला का?" आणि आपल्या समोर हलवून दाखवायला सांगा. चिमट्याच्या जोडणीला वेल्डिंगपाशी चीर दिसली, किंवा तो वाकलेला वाटला, तर मात्र बुशच्या मागे लागू नका. तो चिमटा वापरायचाच नाही.

पहिली फेरी मालक आणि थोरली यांनी मारली. परत आल्यावर त्यांनी तिलाच विचारलं, "कसं वाटलं?" आम्हा दोघींना हे नवीन होतं. सासूबाईंना मात्र अजून कुणी बसा म्हटलेलं नाही. त्या परवा आपणहून गाडीपाशी गेल्या, चांगल्या हातानं चिमटा धरला आणि दोनदा हलवून बघितला.

आता दर दोन महिन्यांनी, आणि गाडी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतली तर त्याच दिवशी, आम्ही निपलला ग्रीसगन लावतो. जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत भरायचं आणि सांडलेलं पुसून घ्यायचं, नाहीतर त्यालाच माती चिकटते. कॅलेंडरवर सिलिंडरची तारीख लिहितो तिथंच खाली 'चिमटा' असं लिहून ठेवतो. पहिल्यांदा पाहुण्यांनी वाचलं तेव्हा त्यांना वाटलं, बाजारातून चिमटा आणायचा आहे.